भट्टी तापेपर्यंत

आमचे व्याही आणि विहीणबाई दक्षिण अमेरिकेची सफर करून आले. जहाजातून. आल्या आल्या त्यांनी आमच्या बैठकीत फोटो पसरले आणि दोन दिवस आम्हाला हलू दिलं नाही. व्याही सांगत होते, "जहाज बंदराला लागलं की आपण उतरायचं. गाईड छत्री वर धरून पुढं, आपण मागं. किल्ला बघायचा, त्यांचं चर्च बघायचं, बाजारात हिंडायचं आणि भोंगा वाजायच्या आत परत यायचं. जो चुकला तो राहिला तिथंच."

मी म्हणालो, "एवढंच ना? हा धंदा मी निजामाच्या राज्यात केलाय."

विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि मग हळूच माझ्या सुनेकडं बघितलं. म्हाताऱ्याला वात झालाय, दुसरं काय! सून म्हणाली, "बाबा, आपल्या धाराशिवला समुद्र कुठंय?"

"समुद्र न्हाय," मी म्हणालो, "पण जहाज होतं. कोळशावर चालायचं."

त्यांनी हसून फोटो पुढं सरकवला. त्यात ते दोघं कुठल्याशा पेंग्विन पक्ष्यांच्या मधोमध उभे होते. मी गप्प बसलो, पण गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही. म्हणून हे लिहितोय.

तर लढाईचे दिवस. पेट्रोल औषधालासुद्धा मिळेना. परमिटावर जे काही थेंब यायचे ते अंमलदारांच्या गाड्यांत जायचे. आमच्या मालकांनी मग मोटारीच्या ढुंगणाला भट्टी बसवून घेतली. छातीएवढा उंच लोखंडी बंब, त्यात बाभळीचा कोळसा, खाली विस्तव आणि बाजूला हातानं फिरवायचा पंखा. कोळसा धुमसला की त्याचा वायू नळीतून इंजिनात जायचा आणि मोटार चालायची. चालायची म्हणजे आपलं म्हणायचं. चढ आला की पैसे देऊन बसलेल्यांनीच उतरून ढकलायची.

खरी गोम पुढंच आहे. थोडं अंतर गेलं की आत राख साचून जाळी तुंबायची. मग थांबा. भट्टी निवू द्या, राख ओढा, कोळसा भरा, पुन्हा पेटवा आणि पंखा फिरवत बसा. वायू झाला का हे बघायला नळीच्या तोंडाशी काडी धरायची. ज्योत निळी पेटली की निघायचं, पिवळी पेटली की पुन्हा पंखा. तोवर प्रवाशांनी काय करायचं? शिव्या द्यायच्या. ड्रायव्हर इब्राहीमचाचा भट्टीपाशी असायचे आणि शिव्या खायला मी. मी म्हणजे किन्नर, मोटारीचा क्लीनर हो, शिवाय कंडक्टर, टपावर सामान चढवणारा, सगळं मीच.

शिव्या खाऊन खाऊन माणसाला अक्कल येते. मी प्रवाशांना म्हणायला लागलो, "बसून काय करता? इथं जवळच एक बघण्यासारखं हाय, चला." मग कुठं बारव, कुठं पडकी गढी, कुठं मोडकी समाधी. हातात पंखा फिरवायची दांडी, ती वर धरून मी पुढं आणि माणसं मागं. भट्टी तापली की चाचा भोंगा वाजवायचे आणि आम्ही परत. लोकांना चटक लागली हो! पुढं पुढं तर लोक विचारायचे, "दिगू, आता कुठं बंद पडायचं?"

जवळ काहीच बघण्यासारखं नसलं तर ते तयार करावं लागायचं. एका माळावर नुसता एक धोंडा होता, त्याला वाटीएवढा खळगा. मी ठोकून दिलं की वनवासात भीम इथं दमून टेकला, ही त्याच्या कोपराची खूण. बायकांनी हात जोडले. वर्षाभरानं त्याच माळावर थांबलो तर धोंड्याला शेंदूर, पुढं नारळाच्या करवंट्या. आज तिथं पत्र्याचं देऊळ आहे म्हणतात. मी काही बोलत नाही. देव व्हायला कुणाची तरी थाप लागतेच.

आता मुख्य गोष्टीवर येतो. आमची मोटार कधी कधी एखादं घर खाजगी ठरवून न्यायचं. तसे एकदा पौषात परांड्याचे मन्मथअप्पा आणि त्यांच्या मंडळी गिरिजाकाकू आमच्याकडं आले. अप्पा लिंगायत वाणी, भुसाराचे मोठे व्यापारी. बोलणं तागडीत घालून केल्यासारखं मोजकं, मिशा मात्र सढळ. पावसाळ्यात त्यांना मुदतीचा ताप येऊन गेला होता, आणि तापात त्यांनी खंडोबाला बोलून ठेवलं होतं की उठून बसलो तर पौष सरायच्या आत जोडीनं येऊन तळी भरीन.

मोटारीत बसता बसता अप्पांनी बजावलं, "सोनारी, धाराशिव, तुळजापूर आणि नळदुर्ग. नळदुर्गहून माघारी. अणदूरचं नाव काढायचं न्हाय."

काकू मागं बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

बाहेरच्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडं खंडोबा एक आणि गावं दोन. वर्षातला बराच काळ देव अणदूरला असतो. चंपाषष्ठी झाली की दोन्ही गावच्या मानकऱ्यांची बोलणी होतात आणि देव पालखीतून नळदुर्गला जातो. पौषातली मोठी जत्रा तिथं होते, आणि ती उरकली की देव परत अणदूरला. देव एका गावी असला की दुसऱ्या गावाला देव घरी नसतो.

सोनारीला पहिला थांबा झाला. राख ओढता ओढता मी चाचांना विचारलं, "अणदूरचं नाव काढायचं न्हाय म्हणजे काय हो?"

चाचा अप्पांना दरसाल नेत असत, त्यांना सगळं ठाऊक. म्हणाले, "अरे बाबा, वो बीबी का मैका है. पहली दिवाली में सेठ उधर सासरे के घर जीमने बैठे और थाली पर से उठ गए. कसम खाए, की अणदूर की वेस में पाँव नई रखूँगा. तब से खंडोबा नळदुर्ग आया की ये आते, अकेले. देव को भी सलाम, कसम भी सलामत."

"आणि काकू?"

"उसको बोले, गई तो उधरच रहना. माँ बुड्ढी है, मोतियाबिंद. दीवार पकड़ के चलती, घर के बाहर नई आ सकती. बेटी का मुँह नई देखी तब से."

राख ओढता ओढता मी हिशेब केला. लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणजे काकू तेव्हा पोर असणार, आणि आता त्यांची स्वतःची लेक सासरी गेलेली. वाण्याचं गणित बघा! देवाचं वेळापत्रक शोधून शपथ सांभाळली, पण त्या वेळापत्रकात बायकोची आई कुठं बसवायला त्याला जमलं नाही. मला राग आला. पण किन्नराच्या रागाला कोण विचारतो? मी दांडी उचलली आणि दोघांना काळभैरवाच्या दर्शनाला घेऊन गेलो.

सोनारीला माकडं फार. दर्शन करून येताना एका हुप्प्यानं अप्पांच्या डोक्यावरचा पटका उचलला आणि तो शिखरावर जाऊन बसला. अप्पा खालून "ए! ए! ठेव!" असं गिऱ्हाइकाला दटावल्यासारखं ओरडायला लागले. काकू म्हणाल्या, "असं न्हाय. त्याला फुटाणे दाखवावं लागतंय." मग फुटाणे आणा, ते एकेक टाका, माकडानं पटका एक हात सोडावा, पुन्हा धरावा. भट्टी तापली, चाचांनी भोंगा वाजवला, पण काकूंचं आणि माकडाचं बोलणं काही संपेना. पटका मिळाला तेव्हा ऊन कललं होतं. त्या दिवशी आम्ही धाराशिवला पोचायच्या ऐवजी वाटेतच मुक्काम केला.

धाराशिवला लेणी बघितली. गिऱ्हाईक असावं तर काकूंसारखं! "ही कुणी कोरली? ह्या खांबाला काय म्हणत्यात? आत अजून खोली हाय का?" मला ठाऊक होतं ते पहिल्याच लेण्यात संपलं. मग मी सुरू झालो. एका राजाला सात राण्या होत्या, त्यांचं पटेना म्हणून त्यानं सात खोल्या कोरल्या. काकू म्हणाल्या, "मग? धाकटीचं पुढं काय झालं?" मी आणखी सांगितलं. माझ्या कथा आजवर कुणी इतक्या मनापासून ऐकल्या नव्हत्या. अप्पा बाहेर उन्हात बसून घड्याळ काढत होते आणि आत ठेवत होते.

"अगं, चल की! भोंगा वाजून किती वेळ झाला."

"आले, आले. चौथ्या राणीवर आलोय."

तुळजापुरात तर विचारू नका. दर्शन झालं. मग काकूंना आठवलं की कल्लोळ तीर्थात हातपाय धुवायचे राहिले. ते झालं. मग शेजारणीनं कुंकू आणायला सांगितलं होतं. कुंकू घेतलं तर ते फार लाल निघालं. बदलून आणलं तर ते पुरेसं लाल नव्हतं. अप्पांच्या मिशा थरथरायला लागल्या. आणि गंमत म्हणजे काकू आल्या, की नेमकी भट्टी विझलेली असायची. चाचा कपाळाला हात लावून म्हणायचे, "क्या करूँ सेठ, कोयला गीला है."

वाचणाऱ्यांच्या हे केव्हाच ध्यानात आलं असेल. माझ्या आलं नाही. मला आपलं वाटत होतं की माझी वाणीच तेवढी रसाळ.

नळदुर्गला पोचलो. अप्पा खाली उतरले, भंडाऱ्याची पुडी हातात घेऊन ताडताड देवळाकडं निघाले आणि थबकले. जत्रेची पालं उठलेली. रिकाम्या दुकानांच्या जागी चुलीची राख आणि उसाची चिपाडं. देवळाच्या पायरीवर एकजण निवांत दाढी करून घेत होता.

अप्पांनी विचारलं, "देव?"

तो गालाचा साबण सांभाळत म्हणाला, "देव गेले की अणदूरला. काल पालखी निघाली. तुमी लई उशीर केला."

अप्पा मटकन पायरीवर बसले. पौष सरत आला होता, नवस बोललेला, आणि देव नेमका त्या गावात जाऊन बसलेला. मी काकूंकडं बघितलं. मला वाटलं होतं त्या घाबरतील, हळहळतील. त्या मोटारीला टेकून उभ्या होत्या, डोळे खाली, आणि तोंडावर काहीही नाही. अणदूरची लेक ती. देव कुठल्या दिवशी गाव बदलतो हे तिला विचारायला कुणाकडं जायला लागत नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी चाचांच्या कानात म्हणालो, "कोयला गीला था?"

चाचा म्हणाले, "कोयला कायकू गीला रहेगा मियाँ? इस मौसम में?"

"म्हणजे काकू माझ्या गोष्टी—"

"तेरी सात रानियाँ? उसको क्या करना है तेरी रानियों का!"

खरं सांगतो, त्या घटकेला मला अप्पांपेक्षा माझंच वाईट वाटलं.

अप्पा उठले. म्हणाले, "देव बघून घेईल. माघारी चला."

आता मात्र काकू बोलल्या. आवाज बारीक होता, पण लटपटत नव्हता. "नवस तुम्ही बोलला. तुमच्या तापात मी उशाशी बसले होते, म्या ऐकलाय. जीव देवानं दिला आणि तळी आता तुम्ही न भरता माघारी जाणार? देव सुद्धा दोन गावं सांभाळतोय की हो. तुम्हाला एक सोसंना?"

अप्पा म्हणाले, "शपथ हाय माझी. वेशीत पाय ठेवणार न्हाय. चार गावासमोर बोललोय."

इथं माझ्यातला वकील जागा झाला. मी म्हणालो, "अप्पा, शपथ पायाची हाय का मोटारीची?"

"म्हंजे?"

"मोटार वेशीतून आत जाईल. तुम्ही मोटारीत. पाय फळीवर. गावाला पाय लागतोय कुठं? थेट देवळाच्या पायरीला मोटार लावू. पायरी देवाची, ती काय गावाची न्हाय. फळीवरनं पायरीवर आणि पायरीवरनं फळीवर."

अप्पांनी बराच वेळ हिशेब मांडला. वाण्याला पळवाट दाखवली की तो आधी ती दोन्ही बाजूंनी तपासतो. शेवटी म्हणाले, "पायरीला चिकटून लावायची. बोटभर फट राहता कामा नये."

अणदूर तिथून जवळच. मोटार वेशीतून आत शिरली तेव्हा अप्पांनी दोन्ही पाय उचलून समोरच्या बाकावर घेतले होते. म्हटलं, फळीचाही भरवसा नसेल. गावात मोटार आली म्हणून सगळी गर्दी मागं. देवळापाशी चाचांनी मोटार पुढं घेतली, मागं घेतली, पुन्हा पुढं घेतली. भट्टी पायरीला थडकली, कोळशाचा धूर देवळात गेला, गुरवानं शिव्या घातल्या. शेवटी फळी पायरीला भिडली. अप्पा धोतर सावरून एका ढांगेत देवाच्या दारात. लोक टाळ्या पिटायला लागले. त्यांना वाटलं ही कुठली तरी नवसाची नवी तऱ्हा.

तळी जोडीनं भरली. अप्पांनी ताट उचललं आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणून अशी आरोळी दिली की गुरवाचा राग उतरला. भंडारा उधळला, दोघं पिवळी झाली. नवस फिटला. काकू तशाच पिवळ्या तोंडानं म्हणाल्या, "मी आईला बघून येते." आणि उत्तराला न थांबता पायऱ्या उतरून गल्लीत गेल्या सुद्धा.

अप्पा फळीवरून परत मोटारीत येऊन बसले. "निघा," म्हणाले. कुणाला घेऊन निघायचं होतं कोण जाणे. चाचांनी भट्टीचं झाकण उघडून दाखवलं. आत गार राख.

मग जे झालं ते मी जन्मात विसरायचो नाही. गल्लीच्या मधोमध मोटार, मोटारीत अप्पा, नाकासमोर नजर. भोवती अख्खं गाव. अप्पांचे मेहुणे हात जोडून आले, "दाजी, घरी चला." अप्पांनी पटका सारखा केला. एक म्हातारी खिडकीतून डोकं आत घालून म्हणाली, "हेच का ते थाळीवरनं उठलेले?" अप्पांनी मान फिरवली. दुसऱ्या खिडकीत दुसरी म्हातारी होती.

लोकांनीच मला ती हकिगत सांगितली. अणदूर सरहद्दीकडचं गाव, घरात कानडी आणि बाहेर मराठी. अप्पा परांड्याचे, कानडी एक अक्षर येत नाही. त्या वेळी अप्पांचा स्वतःचा धंदा नव्हता, थोरल्या भावाच्या दुकानात बसत आणि त्याची बोलणी खात. दिवाळसणाला पंगत बसली, गव्हाची हुग्गी होती, म्हणजे आपली खीर. सासूबाई पातेलं घेऊन वाढत आल्या. कानडीत 'बेका' म्हणजे पाहिजे का, आणि मानाच्या माणसाला पुढं 'री' लावतात, आपण अहो म्हणतो तसं. जावयाचा मान म्हणून त्या माउलीनं वाकून विचारलं, "बेका री?"

अप्पांना ऐकू आलं, बेकारी.

भरल्या पंगतीत सासूनं बेकारी काढली! जावई ताटावरून उठले. मागं धावत जाऊन लोकांनी अर्थ सांगितला, तेव्हा ते वेशीबाहेर शपथ घेऊन मोकळे झाले होते. आणि चूक कळल्यावर तर माघारी फिरणं आणखीच अवघड. अपमान झाला म्हणून माणूस एक वेळ परत येईल, पण हसं झालं म्हणून कसा येईल?

मी हसू दाबत मोटारीपाशी गेलो. अप्पांचा चेहरा बघितला आणि हसू गेलं. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट आपल्याभोवती कुजबुजली जाते आणि आपल्याला उतरून पळताही येत नाही, ह्याच्यापरती शिक्षा नाही.

काकू परत आल्या. एकट्याच. डोळे रडून लाल, पण त्या मोटारीत बसल्या नाहीत. खिडकीशी उभ्या राहिल्या.

"आई बरी हाय?" अप्पांनी नाकासमोर बघतच विचारलं.

"मला हातानं चाचपून ओळखलं." काकू म्हणाल्या. "तुम्हाला एक सांगायचंय. मला आज कळलं. त्या दिवाळीपासून आईनं पंगतीत पळी धरली न्हाय. भावांची लग्नं झाली, बारशी झाली, तिनं कुणाला वाढलं न्हाय. चुलीशी बसून रांधती आणि आतच राहती. म्हणती, माझ्या जिभेनं माझी लेक तोडली."

अप्पांनी मान वळवली. पहिल्यांदाच. "त्यांनी काय वाईट बोललं होतं?" ते म्हणाले. "त्यांनी तर अहो म्हणलं होतं."

"तुम्हाला ठाऊक हाय. पण तुम्ही तिला कधी सांगितलं?"

अप्पांनी मोटारीचं दार उघडलं आणि पाय खाली ठेवला. फळीवर नाही, धुळीत. कुणी टाळ्या पिटल्या नाहीत. गर्दी आपोआप बाजूला झाली.

घरात पंगत बसवली. आम्हालाही बसवलं, चाचांना आणि मला. मेहुणे वाढायला आले तशी अप्पांनी ताटावर हात आडवा धरला. "आईंना बोलवा."

त्या आल्या. ठेंगणी, सुकलेली बाई, एका हातात हुग्गीचं पातेलं आणि दुसरा हात काकूंच्या खांद्यावर. काकूंनी त्यांना ताटासमोर आणून उभं केलं. खांद्यावरचा हात काढून त्यांनी पळी भरली. ओठ हलायचे आणि मिटायचे.

"विचारा की," अप्पा म्हणाले.

त्या चाचरत म्हणाल्या, "वाढू का?"

"असं न्हाय. तुमच्यात विचारतात तसं."

सगळी पंगत खाली बघायला लागली. त्या बाईनं तोंडाला पदर लावला, काढला, आणि अगदी हळू विचारलं, "बेका री?"

"बेकु," अप्पा म्हणाले. एवढा एकच शब्द त्यांनी मेहुण्याला विचारून पाठ करून ठेवला होता. "बेकु, बेकु. आणखी बेकु." हुग्गी ताटातून बाहेर गेली तरी ते थांबा म्हणेनात, कारण थांबाला कानडीत काय म्हणतात ते त्यांना येत नव्हतं. मी सुद्धा रडलो. चाचा धुराचं निमित्त सांगत होते, पण धूर कुठंच नव्हता.

चाचा पुढं दिवस पालटल्यावर हैद्राबादकडं गेले ते गेलेच. त्यांचा पत्ता मी कधी नीट विचारून घेतला नाही, ही रुखरुख अजून आहे. पण त्या दिवशीचे चाचा मला लख्ख दिसतात. जेवणं झाली, ऊन उतरलं. अप्पांची दुकानदारी थांबलेली, माघारी निघणं भाग होतं. चाचांनी भट्टी पेटवली, मी पंखा फिरवला, काडी धरली. ज्योत निळी. भोंगा वाजवला. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवला. मी आत बोलवायला गेलो.

ओसरीवर सासूबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर डोकं टेकून काकू गाढ झोपल्या होत्या. म्हातारीचा हात त्यांच्या केसांत फिरत होता. केस पांढरे व्हायला लागलेत हे तिला दिसत नव्हतं. अप्पा खांबाला टेकून दोघींकडं बघत बसले होते.

मी म्हणालो, "अप्पा, मोटार तयार हाय."

त्यांनी ओठावर बोट ठेवलं, उठून माझ्याजवळ आले आणि माझा हात धरून मला अंगणात नेलं. "ड्रायव्हरला सांग," ते कुजबुजले, "कोळसा वला हाय."

"न्हाय हो अप्पा, चांगला पेटलाय. ज्योत निळी हाय."

"अरे मूर्खा," अप्पा म्हणाले, "मग विझव की!"